सह्याद्रीचं माघारी येणारं पाणी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते सर मला आठवीत भूगोल शिकवायला होते. जूनचा महिना. वर्गाच्या खिडक्या वाऱ्यानं वाजत होत्या. सरांनी फळ्यावर खालून वर एक उभी रेघ ओढली, तिला सह्याद्री म्हणाले आणि रेघ जिथं थांबली तिथं खडू टेकवून विचारलं, ‘‘पांझरेचं पाणी कोणत्या समुद्राला मिळतं?’’ मी हात वर केला. पुस्तकातला नियम पाठ होता : सह्याद्रीत उगम पावून पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्या बंगालच्या उपसागराला मिळतात. पांझरा साक्रीच्या डोंगरातून येते, धुळ्याकडे येते, म्हणजे पूर्वेकडे वाहते. मी म्हटलं, बंगालचा उपसागर. सर म्हणाले, ‘‘नियम बरोबर सांगितलास. आता नदीला विचारून ये.’’

पुढच्या रविवारी आम्ही तिघं मित्र सायकली घेऊन पहाटे पांझरेच्या काठाकाठानं निघालो. ऊन समोरून डोळ्यांवर येत होतं. धुळं मागं पडलं, आणि पुढे कधीतरी लक्षात आलं की ऊन आता समोर नाही, उजव्या गालावर आहे. नदी डावीकडे वळली होती. उत्तरेला. तिथं एक म्हातारे बाबा काठावर बैल धूत होते. त्यांना विचारलं, ही नदी कुठं जाते? ते म्हणाले, ‘‘कोठे जाई? तापीले जाई.’’ आणि तापी कुठं जाते, हे विचारायची गरज उरली नाही. तापी सुरतेला जाते, हे खान्देशात पोरासोरांनाही ठाऊक असतं.

आज बोलायचं आहे ते याच वळणाबद्दल. सह्याद्री म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं कोकण येतं, रायगड येतो, माळशेज येतो. खान्देशी माणसाला डोंगर म्हटला की सातपुडा आठवतो, कारण तो उत्तरेला सतत दिसत असतो. सह्याद्री आपला वाटत नाही. पण धुळ्या-जळगावच्या विहिरीतलं, पाटातलं, नळातलं कितीतरी पाणी सह्याद्रीवर पडलेलं असतं. आपल्याकडे हा पर्वत संपतो. संपताना तो जे करतो, ते महाराष्ट्रात दुसरीकडे कुठंही करत नाही.

नियमाचंच आधी पाहू. गोदावरी त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत ८० किलोमीटरच्या आसपास. तरी ती समुद्राकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालून दुसऱ्या समुद्राला मिळते. भीमाशंकरची भीमा, महाबळेश्वरची कृष्णा, साऱ्यांची तीच तऱ्हा. एकदा पाठ फिरवली की परत येणं नाही. आपल्या गिरणा, मोसम, पांझरा, बुराई याही समुद्राकडे पाठ करूनच निघतात. पूर्वेकडे चालतात. मग हळूहळू उत्तरेकडे वळतात, कारण उत्तरेला तापी खाली बसलेली आहे. बैतुल जिल्ह्यातल्या मुलताईहून निघालेली, ७२४ किलोमीटरची, पश्चिमेकडे तोंड करून वाहणारी तापी. ती या सगळ्यांना गोळा करते आणि ज्या समुद्राकडे त्यांनी पाठ फिरवली होती तिथंच नेऊन सोडते. घाटमाथ्यावरून पूर्वेला उतरलेलं पाणी पूर्व, उत्तर आणि पश्चिम असा तिन्ही दिशांचा फेरा घालून अरबी समुद्राला परत येतं.

हे असं का, ते समजायचं तर पर्वत म्हणजे काय हे थोडं उलगडावं लागतं. हिमालय वर उचलला गेला. सह्याद्री तसा उचललेला नाही, तो तुटलेला कडा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडला, थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार झालं. या खडकाला शास्त्रज्ञ ट्रॅप म्हणतात, स्वीडिश भाषेत त्या शब्दाचा अर्थ जिना. साल्हेरच्या किंवा मांगी-तुंगीच्या अंगावर आडवे पट्टे दिसतात ना, त्या जिन्याच्या पायऱ्या. पुढे सेशेल्सकडचा भाग भारतापासून अलग झाला, पश्चिमेकडचा काठ खचला, आणि पठाराची तुटलेली कड पश्चिमेच्या पावसानं झिजत झिजत आत सरकली. ती कड म्हणजे सह्याद्री. म्हणून कोकणातून तो भिंतीसारखा दिसतो आणि देशावरून त्याची नुसती धार दिसते. म्हणूनच पूर्वेकडे जाणाऱ्या नद्यांचा उगम समुद्राच्या इतका जवळ.

तापीचं खोरं मात्र वेगळ्या कारणानं झालेलं आहे. तिथं जमिनीत पूर्व-पश्चिम भेगा आहेत. त्या भेगांलगत मधला पट्टा खचला, उत्तरेला सातपुडा उभा राहिला, आणि खचलेल्या पट्ट्यात नद्यांनी शेकडो मीटर जाडीचा गाळ आणून टाकला. रावेर-यावलच्या केळीच्या मुळाशी आहे तो हाच गाळ. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे. तिथं आंघोळीला गेलेल्यांनी त्या पाण्याची ऊब अनुभवलीच आहे. ते पाणी याच भेगांच्या खोलीतून वर येतं. तर दक्षिणेकडून चालत आलेला सह्याद्री या खचलेल्या पट्ट्याच्या काठावर येऊन थांबला. सरांनी खडू टेकवला होता ती जागा हीच.

थांबताना तो एकदम संपत नाही. बागलाणात साल्हेर १,५६७ मीटर उंच आहे, कळसूबाईनंतर महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक. १६७२ साली शिवाजी महाराजांच्या सैन्यानं मोगलांना उघड्या मैदानात हरवलं ते त्याच्या पायथ्याशी. तिथून उत्तरेला सेलबारी-डोलबारीच्या रांगा, त्यांच्यापलीकडे पिंपळनेर, मग साक्रीच्या पश्चिमेचं पठार, आणि नवापूरकडे जाता जाता उंची उतरत उतरत नुसत्या टेकड्या. एक फाटा पूर्वेकडे गाळण्याच्या डोंगरांतून लळिंगपर्यंत येतो. मुंबई-आग्रा रस्त्यानं धुळ्यात शिरताना लळिंगचा किल्ला दिसतो, तो या फाट्यावर आहे. दुसरा फाटा सप्तशृंगी, चांदवड, चाळीसगावची दक्षिण असा सातमाळा-अजिंठ्याच्या नावानं जळगाव जिल्ह्याची दक्षिण सीमा धरून जातो. म्हणजे चाळीसगावचा माणूस पाटणादेवीला जातो तेव्हाही तो सह्याद्रीच्याच एका हातावर चढत असतो.

यापेक्षा जवळून पाहायची एक गोष्ट आहे. साक्री, धुळे, शिंदखेडा, नंदुरबार या भागात शेतांमधून जाणाऱ्या काळ्या दगडांच्या लांबच लांब सरळ टेकड्या तुम्ही पाहिल्या असतील. एखाद्या पडलेल्या तटासारख्या. लहानपणी आम्हाला सांगत की पांडवांनी एका रात्रीत बांधलेली भिंत आहे. शास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. ज्या भेगांतून लाव्हा वर आला त्या भेगांत उरलेला लाव्हा तिथंच थिजला. भोवतीचा खडक झिजला आणि ही कठीण भिंत उघडी पडली. साक्रीपासून धुळ्यावरून पारोळ्यापर्यंत जाणारी अशी एकच डाइक सुमारे ७९ किलोमीटर लांब मोजली गेली आहे. सरांनी एकदा आम्हाला तिच्याजवळ नेलं. खडीसाठी कोणीतरी कडा फोडला होता, त्यामुळं आतला दगड ताजा दिसत होता. सर म्हणाले, हात लावा. पाच-सहा कोनांचे दगडी खांब होते, पण उभे नव्हते. सरपणाची मोळी रचावी तसे आडवे, एकावर एक. लाव्हा ज्या बाजूनं थंड होतो त्या बाजूला काटकोनात तडे जातात. जमिनीवर पसरलेला लाव्हा वरून-खालून थंड होतो, म्हणून त्याचे खांब उभे. भेगेतला लाव्हा डावी-उजवीकडून थंड होतो, म्हणून त्याचे आडवे. एवढ्या एका खुणेवरून शेतात बसून सांगता येतं की आपण ज्वालामुखीच्या तोंडात बसलो आहोत.

शेतकऱ्याला याचा उपयोग विचाराल, तर आहे. ही भिंत जमिनीखालीही उभीच असते. उताराच्या वरच्या बाजूनं झिरपत येणारं पाणी तिच्यापाशी अडतं. त्यामुळं अशा भिंतीच्या एका बाजूची विहीर चैत्रात भरलेली आणि दुसऱ्या बाजूची कोरडी, असं होतं. जुने पाणाडे भिंतीची वरची बाजू सुचवत. त्यांना शास्त्र कोणी शिकवलं नव्हतं, त्यांनी दगड पाहिले होते. म्हणून मला खडीसाठी या भिंती फोडलेल्या पाहवत नाहीत. खडी दुसऱ्या दगडाचीही होते. जमिनीखालचा बंधारा एकदा फुटला तर तो कोणत्याही योजनेतून परत बांधून मिळत नाही.

आता भाषेकडे या. सह्याद्रीतून वर-खाली जायच्या वाटेला मराठीत घाट म्हणतात. आंबा घाट, बोरघाट, थळघाट. आपल्याकडे आलं की नाव बदलतं. कोंडाईबारी, सेलबारी, डोलबारी. बारी म्हणजे लहान दार, खिडकी.  घाट चढायचा असतो, बारीतून आत शिरायचं असतं. इथं डोंगराची उंची कमी झाली, भिंतीत दारं पडली, आणि लोकांनी त्यांना दारंच म्हटलं. इतकं नेमकं नाव मला कोणत्याही नकाशात सापडलं नाही.

या बाऱ्यांच्या आजूबाजूला, साक्री, नवापूर, सुरगाणा, डांग या पट्ट्यात कोकणा समाज राहतो. समुद्र इतक्या लांब असताना नाव कोकणा. त्यांच्यात परंपरेनं सांगतात की पूर्वज कोकणातून, दुष्काळात, डोंगर धरून उत्तरेला आले. मार्गशीर्षात ते डोंगऱ्या देवाचा उत्सव करतात. व्रत धरलेले गडी, ज्यांना मावल्या म्हणतात, पौर्णिमेच्या रात्री गडावरच्या गुहेपाशी पावरीच्या आवाजात नाचतात. देवाचं नावच डोंगर. सह्याद्री संपला कुठं, हे आम्ही भूगोलाचे शिक्षक उंचीवरून ठरवतो. मला वाटतं, डोंगऱ्या देव जिथवर पुजला जातो तिथवर तो आहे, असंही म्हणता येईल.

दारं असली की माणसं येतात, मालही येतो. इंग्रजांचा वकील सर थॉमस रो १६१५ साली सुरतेला उतरला आणि बऱ्हाणपूरमार्गे जहांगीर बादशहाकडे गेला. समुद्रापासून हिंदुस्थानच्या पोटात शिरायचा सोपा मार्ग तापीच्या खोऱ्यातून होता. रेल्वेलाही तेच दिसलं. मुंबईहून येणाऱ्या गाडीला कसाऱ्याला जादा इंजिनं लावावी लागतात, कारण थळघाटात दर ३७ फुटांना एक फूट चढ आहे. उधना-नंदुरबार-अमळनेर-जळगाव या मार्गावर असा घाटच नाही.

वारासुद्धा याच वाटेनं येतो. साक्रीच्या पश्चिमेला ब्राह्मणवेलच्या पठारावर उभं राहिलात तर अंगावरचे कपडे फडफडतात. देशातल्या मोठ्या पवनचक्क्यांच्या प्रकल्पांपैकी एक तिथं उभा आहे, तो उगाच नाही. पाऊस मात्र या वाटेनं पुरता येत नाही. जुलैत विसरवाडीकडून कोंडाईबारी चढा. खाली सागाची पानं थबथबलेली असतात, ओढे भरलेले. माथा ओलांडून साक्रीकडे उतरलात की अर्ध्या-पाऊण तासात रस्ता कोरडा, बाभळी, बाजरीची शेतं आणि आभाळात नुसते पळणारे ढग. धुळ्याच्या वाट्याला वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, आणि डोंगराच्या पलीकडे सुरगाण्यात तो दोन हजारांच्या घरात. याच कोरड्या उन्हाचा उपयोग करून साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा राहिला. एकाच तालुक्यात वाऱ्याची वीज आणि उन्हाची वीज, दोन्ही सह्याद्रीच्या शेवटामुळं.

पण आपलं जगणं ठरतं पाण्यावर. इतक्या थोड्या पावसात पांझरेच्या काठानं ऊस कसा उभा राहिला? फड पद्धतीमुळं. शेकडो वर्षं जुनी ही रीत. नदीवर गावानं बांधलेला बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालचं भिजणारं शिवार म्हणजे थळ, आणि थळाचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, दरवर्षी फडांची पिकं फिरवायची. ज्याचं शेत फडात त्याला पाणी, पाटकरी पाणी सोडणार, जागल्या राखण करणार. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा आणि तो तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले तेव्हा कोवळ्या वयात त्यांना खान्देशात धाडलं गेलं, आणि पांझरेच्या एका पाटाचं पाणी नळातून पलीकडे नेणारी वक्रनलिका बांधणं हे त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक होतं. पुढे कृष्णराजसागर बांधणाऱ्या माणसाच्या हाताला पहिलं पाणी लागलं ते आपल्या पांझरेचं, सह्याद्रीवरून आलेलं.

चैत्रात खान्देशातून हजारो माणसं पायी सप्तशृंगीच्या गडावर जातात. धुळ्याहून, जळगावहून, अमळनेर-पारोळ्याहून. डांबर पायाला चटके देतं, डोक्यावर ओला टॉवेल असतो, रस्त्याच्या कडेला कुणी पाणी देतं, कुणी लिंबू-सरबत. मालेगावला मोसम ओलांडायची, पुढे गिरणेचं खोरं धरून कळवणकडे, मग नांदुरी, मग गड. मी तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी माथ्यावर उभा असताना जाणवलं की आपण दिवसामागून दिवस आपल्याच पाण्याच्या उलट चाललो आणि त्याच्या वरच्या टोकाला पोचलो. गड ज्या धारेवर आहे तिच्या उत्तरेला पडलेला थेंब कळवणच्या ओढ्यांतून गिरणेला, गिरणेतून तापीला, तापीतून अरबी समुद्राला. दक्षिणेला दिंडोरीच्या अंगाला पडलेला थेंब कादवेला, कादवेतून गोदावरीला आणि बंगालच्या उपसागराला. मधे अंतर चार पावलांचं. आपल्या बायाबापड्या ज्या जागी माथा टेकतात तिथं दोन समुद्रांचं पाणी वेगळं होतं.

म्हणूनच नार-पार-गिरणा या योजनेकडे मी फार आशेनं आणि तितक्याच काळजीनं पाहतो. सुरगाणा-पेठ भागात नार, पार, औरंगा या नद्या उगम पावून पश्चिमेला गुजरातमार्गे समुद्राला जातात. त्यांचं पाणी उपसून धारेच्या अलीकडे गिरणेच्या खोऱ्यात आणायचं, अशी ही योजना. २०२४ साली राज्य सरकारनं सुमारे ७ हजार कोटी रुपयांच्या या कामाला मंजुरी दिली. गिरणेच्या काठाला त्या पाण्याची किती निकड आहे, ते मी मे महिन्यात टँकरच्या रांगेत उभं राहून पाहिलं आहे. पाणी यावं. पण ज्या सुरगाण्यात दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथल्या बाया एप्रिलमध्ये डोंगर उतरून झऱ्यातून वाटीवाटीनं हंडा भरतात. त्यांच्या डोंगरातून पाणी उचलताना आधी त्यांचा हंडा भरला पाहिजे. पाणी वाटून घ्यायची रीत ज्या मुलखानं फडातून शिकवली, त्यानं एवढं मागायलाच हवं.

२०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं. त्या यादीत महाराष्ट्रातल्या चार जागा : कास, कोयना, चांदोली, राधानगरी. सगळ्या सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या. उत्तरेचं टोक यादीत नाही. पण यादीत नसलेल्या टोकावर, पिंपळनेरजवळ, बारीपाडा आहे. चैत्राम पवार आणि त्यांच्या पाड्यानं १९९०च्या दशकात कुऱ्हाडबंदी केली, चराई थांबवली, चारशे हेक्टरांहून अधिक जंगल राखलं. ज्या पाड्यात पाण्यासाठी वणवण होती, तिथल्या विहिरी शेजारच्या गावांना पाणी देऊ लागल्या. तिथं पावसाळ्यात वनभाज्यांचा महोत्सव भरतो. बाया रानातल्या भाज्या शिजवून मांडतात आणि प्रत्येक भाजी कोणत्या उतारावर उगवते ते सांगतात. २०२५ साली चैत्रामभाऊंना पद्मश्री मिळाली. मी विद्यार्थ्यांना सांगतो, महाविद्यालयाची सहल महाबळेश्वरला न्या, पण एकदा बारीपाड्याला मुक्काम करा. सह्याद्री कसा राखावा हे आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच माणसांकडून शिकता येतं.

एवढं बोलून थांबतो. सर गेले त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. त्यांच्या इच्छेप्रमाणे घरच्यांनी अस्थी मुडावदला नेल्या, कपिलेश्वराच्या देवळाखाली, जिथं पांझरा तापीला मिळते. आम्ही काही विद्यार्थी बरोबर होतो. पांझरेचं पाणी गढूळ, तांबूस, तापीचं जरा काळसर. बराच वेळ दोन्ही रंग शेजारी शेजारी चालताना दिसत होते. सरांच्या मुलानं कलश पांझरेच्या बाजूला रिकामा केला. राख थोडा वेळ उत्तरेकडे गेली, मग तापीच्या धारेला लागली आणि पश्चिमेकडे वळली.